ओढ्यातले खेकडे आणि तुझा रस्सा

आई,

परवा दादाचा फोन आला. "आपल्या ओढ्याला खेकडं परत आल्यात. लई न्हाई, पर आल्यात!" साठीला टेकलेला माणूस, पण आवाज असा की लॉटरीच लागली. तू गेलीस, मग सुप्याच्या औद्योगिक वसाहतीकडून कुणीतरी येऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला धातूंवर मुलामा चढवायचा, प्लेटिंगचा कारखाना टाकला. पाणी हिरवट झालं. खेकडे, शिंपले, बारके मासे, सगळंच हळूहळू गेलं. आता तो कारखाना बंद पडलाय आणि पाणी पुन्हा नितळ वाहतंय.

नेमके माझ्या लेकीला, तुझ्या नातीला, डोहाळे लागलेले. तिला तुझा खेकड्यांचा रस्सा हवा. तिने तो कधी चाखलेला नाही, माझी वर्णनं ऐकूनच वेडी झालीय. मला मात्र तू दिसतेस: पाट्यापाशी बसली आहेस, नांग्या-पाय कवचासकट वाटते आहेस, फडक्यातून रस पिळते आहेस. पोटाखाली पिल्लं असलेली खेकडी मी एकदा टोपलीत टाकली, तर केवढी ओरडलीस! "लेकुरवाळी हाय ती. सोड आधी!"

दादाने बादलीभर खेकडे नगरला माझ्याकडे आणले. घरात मसाला भाजून तयार, आणि मी बादलीतले दोन-चार खेकडे उचलून माझ्या लॅबमध्ये नेले. सगळे फिदीफिदी हसले. पाणी तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, पण घरचं कालवण तपासायला नेणारी मी पहिलीच असेन. रिपोर्टमध्ये शिसं निघालं, कॅडमियमही. पाणी निवळलं तरी धातू तळाच्या चिखलात बसून आहेत, आणि खेकडे तोच चिखल चिवडून खातात. आपल्या रश्श्यात तर कवचसुद्धा वाया जात नाही. तू म्हणायचीस, "उकळी फुटली की समदं मरतं." शिसं मरत नाही गं. मी पुन्हा तपासलं. माझीच चूक निघावी असं फार वाटत होतं.

पोर रुसली. "एक वाटी तरी दे ना!" तिच्या पोटातल्या जिवासाठी मी बधले नाही. दादा कुरकुरत उरलेले खेकडे ओढ्यात सोडून आला. मग त्याच मसाल्यात मी उकडलेली अंडी सोडली. लेकीने दोन वाट्या ओरपल्या आणि म्हणाली, "आजीचा याहून भारी असूच शकत नाही."

तिने तुझा चाखलेला नाही; मी चाखलाय. आणि तरी, आई, मला ते पटलं. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायची सोय नाही, तेच बरं आहे.