वेशीतल्या फोटोतली लेक

आई,

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुला दुसऱ्याच मुलीची आई करण्यात आलं. पितळी पाटीवर, माझ्यादेखत.

आपल्या गावच्या वेशीत आता संग्रहालय झालंय. ज्या देवडीत पूर्वी पहारेकरी बसत आणि नंतर तू भाजी घेऊन बसायचीस, तिथे काचेचं कपाट आहे. त्यात शेजारच्या पोरीच्या पाठवणीचा फोटो. तिला आई नव्हती, म्हणून वेशीपर्यंत पोचवायला तू गेलीस, तिची ओटी भरलीस. तेवढं मला मान्य आहे. पण फोटोत तू पदर तोंडात धरून रडते आहेस आणि खाली लिहिलंय, 'लेकीला निरोप देताना आई'.

लेक मी आहे. दर सुट्टीनंतर याच वेशीतून तू मला अकोल्याच्या कॉन्व्हेंटला धाडायचीस. "जाय लवकर, गाडी सुटन," एवढं म्हणून कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला लागायचीस. वेस दिसेनाशी होईपर्यंत मी गाडीच्या मागच्या खिडकीतून बघत राहायचे, आणि तू मान वर करायची नाहीस. माझ्या पाठवणीलाही तू वेशीपर्यंत आली नाहीस. म्हणालीस, "तुले त रस्ता पाठ हाय."

फोटो दिला त्या शेजारच्या पोरीनंच. उद्घाटनाला अंगावर शाल घेऊन पुढच्या खुर्चीत बसली होती. मी विचारलं, "तू कधीपासून तिची लेक?"

"काऊन चिडून राह्यली वं ताई? मले त थेच माय." वर हसली. "तुही गाडी गेली का थे भाजीकडे पाठ करून रडत बसे. गिऱ्हाईकाले मीच तोलून देओ. कोनी इचारलं त म्हने, मिरचीचा हात लागला."

हे ऐकून मला बरं वाटेल, असं तिला वाटलं असावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझ्यासाठीचं रडणंसुद्धा तिनंच पाहिलं! मी तिकडे काट्या-चमच्यानं जेवायला शिकत होते.

पाटी बदलायला सांगावी म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सांगितलं नाही. तिकीट काढलं, ती दिसणार नाही असा काचेवर तळहात धरला आणि बराच वेळ तुला पाहत उभी राहिले.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं आहे. गाडी सुटण्याआधी एकदा तरी मान वर का केली नाहीस? लिहिता येत नाही किंवा आता तू हयात नाहीस, या सबबी चालणार नाहीत. फक्त तिच्याकडून लिहून घेऊ नकोस.