कोयता तिकडेच राहिला

डहाणूगाव,
रविवार, सकाळी

प्रिय लडक्या,

तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती मी लेखी करतोय. तोंडी तक्रारीचं पुढे काही होत नाही, हे मी अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत टेबलाच्या आतल्या बाजूला बसून शिकलोय. तक्रार अशी की, गेले तीन आठवडे तू बाजाराला आलास की माझ्या पायरीवर ताडफळांचा घड ठेवतोस आणि न सोलता निघून जातोस. ही चाळीस वर्षांच्या रिवाजाची पायमल्ली आहे. रिवाज असा होता की तू पायरीवर बसायचास, कमरेचा कोयता काढायचास, तीन घावांत फळाचं टोपण उडवायचास आणि मी अंगठा घालून गोळा काढायचो. आता मी काय करायचं? हंसाने भाजीच्या सुरीने करून पाहिलं, सुरी वाकली. मी मासळीच्या विळीवर धरून पाहिलं, अंगठ्याला दोन टाके पडले. पहिल्या घडातले गोळे आता जून होऊन दगड झालेत. हंसा म्हणते, भिंत बांधायला ठेवा.

मागल्या खेपेला तुला खिडकीतून हाक मारली तर म्हणालास, जीप सुटेल. तुमच्या सायवनची जीप भरल्याशिवाय कधी सुटलीय का रे? आणि ती भरायला दीड तास लागतो, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. पण मीही बाहेर आलो नाही. दाराआड उभा राहून तुझी मोकळी कंबर बघत राहिलो. घरच्या ताडावर मेव्हण्याचा कोयता चालतो तुला, रस्त्यावर मात्र कमरेला काही नको. हे मला तुझ्या कारभारणीने, जमनावहिनींनी सांगितलं. आणखीही एक सांगितलं, ते पुढे लिहितो.

फोन करता आला असता. केलाही होता, दोनदा. पण तोंडाने सांगायला गेलो की माझ्या जिभेवर मध्येच काहीतरी गमतीचं येतं आणि मग मुद्दा राहतो, हशा उरतो. हंसा म्हणते, तुमची जीभ म्हणजे उघडी टाकलेली विळी, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय कापतो आणि तुम्ही म्हणता, बघून चालायला काय झालं होतं. कागदावर एक बरं असतं, खोडता येतं. या पत्राचे आधीचे चार कागद चुलीत गेलेत. त्यात विनोद फार चांगले होते.

तर आपली सहल. आठवून बघ, तू येणारच नव्हतास. कोसबाडच्या शाळेतून सातवी होऊन चाळीस वर्षं झाली म्हणून जिग्नेशने टूम काढली की सगळ्या बॅचने कुठेतरी जायचं. चिकूचा व्यापारी माणूस, त्याला सगळं घाऊक लागतं. कुणी शिर्डी म्हणालं, कुणी गोवा. मीच म्हणालो, बस्तर. डोंगराच्या टोकावर उघड्यावर बसलेला हजार वर्षांचा गणपती आहे, माघातल्या जयंतीला त्याच्या पायाशी जाऊ. लगेच सगळ्यांच्या घरून विचारणा सुरू झाल्या, तिकडे सेफ आहे का? तिकडे ते जंगलातले बंदूकवाले आहेत ना? मी सांगितलं, आता शांत आहे, पेपरात आलंय. आणि आपण कोण मोठे सुरक्षित? जमीन हलायला लागली तेव्हा तलासरीपासून डहाणूपर्यंत माणसं घर असून तंबूत झोपली. भूकंपाबरोबर संसार केलेली माणसं आपण, आपल्याला कोण घाबरवणार! असं भाषण ठोकलं आणि सगळ्यात शेवटी तुला हाक मारली. तू म्हणालास, ‘डोंगरावरचा देव हाय ना? मग येतो.’ तुझ्यासाठी तेवढं कारण पुरलं.

मग मी सुरक्षेच्या मागे लागलो. अकरा नारिंगी टोप्या, अकरा शिट्ट्या, गळ्यात अडकवायची अकरा कार्डं, त्यावर नाव, गाव, रक्तगट. आणि एक नियमावली, मीच लिहिलेली, झेरॉक्स काढून वाटलेली. गणवेशातल्या माणसांचे फोटो काढू नयेत. घोळका सोडू नये. सायंकाळी पाचच्या आत परत फिरावं. धारदार वस्तू, म्हणजे कात्री, चाकू, नेलकटर, बरोबर नेऊ नये. आणि सातवा नियम, चौकीवर थट्टामस्करी करू नये. तो मी मुख्यतः जिग्नेशसाठी घातला होता. ती नियमावली तुझ्याइतकी मनापासून कुणीच वाचली नाही. गाडीत बोट ठेवून वाचत होतास. धारदार वस्तूंच्या यादीत मी कोयता लिहिला नाही आणि तुलाही तो त्यात आहेसं वाटलं नाही. दोघांनाही वाटलं नाही, कारण आपल्याकडे कोयता म्हणजे वस्तूच नाही. रानात निघालेल्या माणसाच्या कमरेला तो असतो, जसा डोळ्यांवर चष्मा असतो. त्या सकाळी तू पिशवीतून लाकडी आकडी काढून कमरेला बांधलीस, त्यात कोयता अडकवलास, आणि आम्ही दहाही जणांनी ते बघून बघितलं नाही.

चढताना मात्र त्याच कोयत्यावर आमची सगळ्यांची इभ्रत तरली. अर्ध्या वाटेत जिग्नेशचे गुडघे बोलायला लागले, तर तू रानात शिरून एकेकाच्या उंचीची काठी तोडून आणलीस, गाठी तासून, मूठ गुळगुळीत करून. माझी तर दोनदा आखूड केलीस. तिकडचा वाटाड्या तुझ्याच वयाचा, भाषा त्याची वेगळी नि तुझी वेगळी, पण तासाभरात तुमचा तंबाखू एक झाला. कुठल्या झाडाची साल कशाला लागते, यावर तुम्ही हातवारे करून भांडत होतात. वर पोचल्यावर आम्ही त्या दगडी गणपतीसमोर फोटो काढत होतो. तू पदराला बांधून आणावेत तसे धोतराच्या सोग्यात आणलेले घरचे तांदूळ काढलेस, त्याच्या पायाशी ठेवलेस आणि उन्हात गप्प बसलास. मी विचारलं, काय मागितलंस? म्हणालास, ‘काय मागायचं? एवढ्या वरती एकटा बसलाय बिचारा.’ हजार वर्षांत त्या देवाची अशी विचारपूस कुणी केली नसेल.

आता उतरतानाचं लिहितो. तुला यातलं अर्धंच माहीत आहे.

खाली चौकी होती. आम्ही नऊदहा जण पुढे, तू आणि वाटाड्या तीसेक पावलं मागे, गप्पा संपेनात तुमच्या. जवान पोरगेलासा होता, अदबशीर. प्रवाशांना विचारायचा त्याला हुकूम असणार, म्हणून त्याने मला विचारलं, सब ठीक है ना? किसी से कोई परेशानी? आणि लडक्या, मला एवढं सरळ वाक्य समोर आलं की राहवत नाही. मी म्हणालो, ‘परेशानी एकच आहे साहेब, तो मागून कोयतावाला येतोय ना, सकाळपासून आमच्या मागे लागलाय, त्याच्यापासून तेवढं वाचवा.’ हिंदीत म्हणालो, अगदी गंभीर चेहऱ्याने. जिग्नेश हसला. दोघंतिघं हसले. जवान हसला नाही. त्याने तुझ्याकडे पाहिलं.

तेव्हा लगेच मी ‘मजाक केला’ म्हणालो असतो तर निभावलं असतं. पण विनोद टाकला की हशा येईपर्यंत थांबायची मला सवय. चारपाच क्षण थांबलो असेन. तेवढ्यात शिट्टी वाजली, आतून आणखी तिघं बाहेर आले आणि तू त्या उतारावर दोन्ही हात पुढे धरून उभा होतास. एका हातात माझी पाण्याची बाटली होती. नंतर मी पुष्कळ सांगितलं, आमचाच माणूस आहे, शाळेतला मित्र आहे, मी गंमत केली. त्यांचा साहेब आला. त्याने मला बाजूला घेऊन हळू विचारलं, आपण कुणाच्या दबावाखाली बोलताय का? घाबरू नका. आपल्या सुरक्षेसाठीच आम्ही आहोत. माझ्या सुरक्षेसाठी, लडक्या! मी जितकं म्हणावं तो माझा दोस्त आहे, तितका त्याचा संशय पक्का. तुझ्या गळ्यातलं कार्ड त्याने उलटसुलट पाहिलं. टोपी, शिट्टी, कार्ड सगळं माझ्यासारखंच होतं तुझ्याकडे. चेहरा तेवढा तिथल्या लोकांसारखा होता.

साडेचार वाजले. पाचच्या आत परत फिरावं, हा नियम माझाच. साहेब म्हणाला, चौकशी होईल, आपण हॉटेलवर जा, उद्या या. आम्ही काठ्या चौकीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि गाडीत बसलो. ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, सगळे आले? कुणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही. तो क्षणभर थांबला आणि त्याने गाडी सुरू केली. माझ्या शेजारच्या सीटवर तुझी भाकरीची पुरचुंडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्या चौकीबाहेर बसलो होतो, तुला सोडलं ते उन्हं उतरल्यावर. बाहेर आलास आणि पहिलं वाक्य काय बोललास? ‘तुमचा खोळंबा झाला ना रे?’ आत काय झालं विचारलं तर, ‘बसवून ठेवला. चहा दिला.’ तीन महिने झाले, त्यात तू एका शब्दाची भर घातली नाहीस. परतीच्या गाडीत प्रत्येकाच्या बाकापाशी जाऊन म्हणालास, माझ्या कोयत्यामुळं तुमची सहल नासली. आणि ज्यांनी माझं बोलणं कानांनी ऐकलं होतं ते नऊही जण म्हणाले, जाऊ दे रे, होतं असं. जिग्नेशने तुला चिक्की दिली. मी खिडकीबाहेर बघत होतो. तू मला विचारलंस, कोयता कुठाय? मी म्हणालो, तिकडेच राहिला, जप्त झाला. तू म्हणालास, ‘बरं झालं.’ तुझ्या बापाच्या हातचा होता तो.

जमनावहिनींनी सांगितलेली दुसरी गोष्ट ही. आशागडच्या बाजारात साधा होमगार्ड दिसला तरी तू जाऊन त्याच्यासमोर पिशवी उघडतोस. त्याने न मागता. तो बिचारा बघत राहतो, आत वांगी नि मीठ. वहिनी हसत हसत सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

आणि तू माझ्याकडे एक काम सोपवून गेलायस. जूनमध्ये शाळेच्या पटांगणावर आपल्या बॅचचा मेळावा आहे, तिथे सगळ्यांसमोर वाचायला माफीपत्र लिहून दे, म्हणालास. तुझे अर्ज नेहमी मीच लिहितो, रेशनकार्डापासून वनहक्काच्या दाव्यापर्यंत. हाही लिहीन असं तू धरून चाललास. तीन महिने मी टाळतोय, वेळ नाही, शाई नाही, अंगठ्याला टाके. ते लिहून द्यायचं माझ्याकडून राहिलंय. आज देतोय. हेच ते माफीपत्र, लडक्या. फक्त मागणारा मी आहे आणि द्यायची की नाही ते तू ठरवायचंस. याची नक्कल बाकीच्या नऊ जणांना आजच फोनवर पाठवतोय आणि मेळाव्यात मी उभा राहून हेच वाचणार, जिग्नेश हसला होता ते धरून.

एक शेवटचं. कोयता तिकडे राहिला नव्हता. तुला सोडायच्या आधी साहेबाने तो माझ्या हातात दिला, म्हणाला, शिकायत आपने की थी, सामान भी आप ही लीजिए, आणि एका कागदावर माझी सही घेतली, त्याची एक प्रत मला दिली. त्यावर लिहिलंय, पर्यटक दल के मुखिया की शिकायत पर. खाली माझी सही, वळणदार, कचेरीत करतो तशीच. हिंदी तुला माझ्याइतकीच वाचता येते, म्हणून मी तो कागद कोयत्याला गुंडाळला आणि दोन्ही पिशवीच्या तळाशी घातले. तीन महिने ते माझ्या माळ्यावर होते, खाली पायरीवर तुझी फळं दगड होत होती. काल ते काढले. हंसा शिडी धरून उभी होती. पात्यावर थोडा गंज धरला होता तो घासून काढलाय, खोबरेल तेलाचा हात दिलाय, आकडीची दोरी बदललेली नाही. धार मला लावता येत नाही. आज पहिल्या जीपने सायवनला येतोय, कागद, कोयता आणि हे पत्र तुझ्या ओटीवर ठेवीन आणि अंगणात आंब्याखाली थांबेन, जीप भरेपर्यंत.

तुझाच, सातवीच्या एकाच बाकावरचा,
नारू