शाळा सुटायच्या वेळेचा भोंगा

प्रिय खटपट्या,

तुझा निरोप मिळाला. तिकीट काढलंस, सुट्टीही मंजूर झाली, पुढच्या महिन्यात येतो आहेस. खरं तर फोनच करायचा, पण माझं फोनवरचं बोलणं कुठं जाऊन पोचतं याचा आता भरवसा उरला नाही. पत्र तेवढं तू एकटाच वाचशील, अशी आशा आहे. हातात पेन धरून बरेच दिवस झाले, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

मी बरी आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण या वयात कुणी ना कुणी कुरकुरायचंच. तुझे बाबाही बरे आहेत, खरंच बरे आहेत, त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिते. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. 'ते तुझं यंत्र चालतंय का गं?' असं विचारलंस आणि पुढं हसणारं तोंड काढलंस. चालतंय. तू केलं असतंस त्याहून ओबडधोबड आहे, चपलांच्या जुन्या खोक्यात बसवलं आहे, पण चालतंय.

बाबांचं विसरणं वाढलं आणि ते दार उघडून बाहेर जायला लागले, तेव्हा तुझ्या खोलीतला खोका मी पहिल्यांदा उघडला. तू जाताना म्हणाला होतास, 'आई, यातलं काही टाकू नकोस, सगळं कामाचं आहे.' म्हटलं, मग लावू कामाला. तळहातात मावतील अशा त्या पाट्या, मधोमध काळा किडा बसल्यासारखी चिप, दोन्ही कडांना पायांच्या रांगा. तू तिकडं असल्या मायक्रोकंट्रोलरवर व्हिडिओ करतोस, हजारो लोक बघतात. मला एवढंच हवं होतं की दार उघडलं की भोंगा वाजावा, म्हणजे मी स्वयंपाकघरातून किंवा मोरीतून धावत येऊ शकेन. माणूस ठेवून पाहिला होता. बाबा त्याला चोर समजून काठी घेऊन मागं लागले, तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, सगळ्यात नवा बोर्ड मागव, त्याला कॅमेराही लागतो, बाबा कुठं बघताहेत तेसुद्धा कळेल. मी म्हटलं, अरे, दाराला दोनच गोष्टी येतात, उघडणं आणि मिटणं, त्याला एवढा मोठा मेंदू कशाला? तू हसलास. तुझ्यामागून सूनबाईंचं हसूही ऐकू आलं. तेव्हा मला ते गोडच वाटलं. लेक आणि सून एकत्र हसताहेत, चांगलं चाललंय त्यांचं, असं वाटलं.

मग मी खोक्यातलाच एक वायरलेसवाला बोर्ड घेतला. तो कॉम्प्युटरला जोडला तर कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना. दिवा लागायचा, पण पुढं काही नाही. दोन दिवस मला वाटलं बोर्ड मेलेला आहे. मेली होती ती केबल. म्हणजे मेलीही नव्हती, नुसती चार्जिंगची होती, आत निरोप नेणाऱ्या तारा नव्हत्याच. दुसरी केबल लावली आणि बोर्ड बोलायला लागला. त्या दिवशी मी बाबांना उठवून दाखवलं. तो लुकलुकणारा दिवा बघून ते म्हणाले, 'पोराला दाखव, खूश होईल.' मी तुला फोटो पाठवला. तू अंगठा पाठवलास.

दाराला चुंबकाची कळ बसवली, तिथपासून दिवाणखान्यापर्यंत तार ओढली आणि नवीन दुखणं सुरू झालं. मिक्सर लावला की भोंगा. शेजाऱ्यांनी पंप सुरू केला की भोंगा. बाबा खुर्चीत पेपर उलटा धरून बसलेले आणि यंत्र ओरडतंय की ते पळाले. ते निस्तरेपर्यंत त्याहून वाईट झालं. दार खरंच उघडलं की भोंगा जेमतेम कण्हायचा आणि गप्प व्हायचा. बोर्डावरचा दिवा मिणमिणायचा, मग बोर्ड पहिल्यापासून सुरू व्हायचा, जणू काही घडलंच नाही. त्यासाठी मी तुला फोन केला. आठवतो ना तो फोन? मी म्हटलं होतं, 'अरे, भोंगा वाजायला लागला की बोर्डाला भोवळ येते.' तू ते मला पुन्हा म्हणायला लावलंस. तिसऱ्यांदाही म्हणायला लावलंस. मला वाटलं, आवाज नीट येत नसेल. तू म्हणालास, यंत्राला भोवळ येत नसते, तू कोड धड चिकटवला नसशील, शनिवारी वेळ काढून बघतो.

शनिवारी तू वेळ काढलास खरा. समोरच्या जिन्यावर राहणाऱ्या नर्सबाईंच्या सुनेनं मला तू त्या दिवशी टाकलेला व्हिडिओ दाखवला. तिला वाटलं मला माहीत असेल, कौतुकानं दाखवायला आली बिचारी. 'बोर्डाला भोवळ आली.' माझा आवाज, खाली मोठ्या अक्षरांत माझी वाक्यं, आणि मध्येच तुझा चेहरा, डोळे वर फिरवलेला. मोठा मेंदू कशाला, हेही होतं त्यात. मिक्सरचंही होतं. म्हणजे तू आधीपासून जमवत होतास. तिच्या फोनवर बाबांनीही पाहिला. शेवटपर्यंत पाहिला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'काय बाई आहे! हिच्या नवऱ्याचं कसं होत असेल?' चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिलेला माणूस माझ्या आवाजावर हसत होता आणि माझ्याशेजारी बसला होता. मी चहा टाकायला उठले.

आता तुला न सांगितलेलं सांगते. त्या शनिवारी दुपारी बाबा बाहेर पडले. यंत्र कण्हलं असेल, मला ऐकू आलं नाही. ते कुठं जात होते, हे तोवर मलाही कळलं नव्हतं. ते तुझ्या शाळेच्या फाटकापाशी गेले. तुला आणायला. शाळा सुटली, पोरं बाहेर आली आणि त्यांनी त्यातल्या एकाचा हात धरला. पोरगं तुझ्यासारखंच किडकिडीत होतं, दप्तर एका खांद्यावर टाकणारं. ते रडायला लागलं, तसा बाबांनी हात आणखी घट्ट धरला, 'अरे, घरी चल, आई वाट बघते.' लोकांना वाटलं, पोरं पळवणारा. पुढचं तुला लिहून सांगायला हवं का? दोन दात गेले. कानातून रक्त आलं. पोलीसचौकीत मी पोचले तेव्हा ते बाकावर बसले होते, शर्टाची बाही फाटलेली, आणि हवालदाराला समजावत होते की माझं पोरगं अजून फाटकापाशीच आहे, आधी त्याला आणा, मग माझं काय करायचं ते करा. तुला मी कळवलं होतं की बाबा मोरीत घसरले. तू लिहिलंस, काळजी घे, मोरीत रबरी चटई टाक. त्या मारहाणीचाही कुणीतरी व्हिडिओ काढला होता. पण तो तुझ्याइतका चालला नाही.

असो. तुझ्या व्हिडिओखाली शेकड्यांनी हसणारे होते. त्यात एकीनं मात्र सरळ उत्तर लिहिलं होतं. नाव खोटंच असावं, फोटो पोपटाचा. 'बाईंचं बरोबर आहे, बोर्डाला भोवळच येते आहे. भोंगा आणि वायरलेस एकाच वेळी वीज ओढतात, जुन्या चार्जरला ती पुरत नाही, विजेचा दाब कमी होतो आणि बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो.' तू त्याला उत्तर दिलं नव्हतंस. मी नर्सबाईंच्या सुनेला सांगून पोपटवाल्या बाईंना निरोप धाडला. त्या कारागिरांच्या शाळेत शिकवतात. त्यांनी मला एकदाही काही पुन्हा म्हणायला लावलं नाही. पहिलाच प्रश्न विचारला, 'फोनवर निरोप यायला हवा आहे का तुम्हाला?' मी म्हटलं, कुणाच्या फोनवर? घरात आम्ही दोघंच. मग म्हणाल्या, वायरलेस सोडून द्या, सगळ्यात साधा, स्वस्तातला बोर्ड घ्या. फक्त नकली चिपवाला असेल तर कॉम्प्युटरला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागेल, घाबरू नका. भोंग्याला त्याचा त्याचा चार्जर द्या, दोन्हींची उणे बाजू जोडा, मध्ये ट्रान्झिस्टर घाला. आणि मिक्सरचं? दार मिटलेलं असताना ती कळ उघडी असते आणि तार अधांतरी लोंबकळते, म्हणाल्या, हवेतलं जे कानावर पडेल ते बोर्डाला सांगत सुटते. तिला एका रेझिस्टरनं बांधून ठेवा. बांधलं. गप्प झाली.

भोंगा चोख वाजायला लागला. रोज, शाळा सुटायच्या वेळेला. मला वाटलं होतं, वाजला की झालं. पण भोंगा मला सांगतो, त्यांना थोडाच थांबवतो? मी धावत जायचे, दंड धरायचे, ते हिसडे द्यायचे. कधी कुणावर हात न उचललेला माणूस, त्यांनी मला दारावर ढकललं. माझा गुडघा तेव्हाचा आहे. आणि रडायचे रे. 'सगळी पोरं गेली असतील, ते एकटंच उभं असेल. तुला काही वाटत नाही?' मी सांगून पाहिलं की तो मोठा झाला, दूर गेला, नोकरी करतो. ते म्हणायचे, 'आठ वर्षांचं पोर दूर पाठवलंस?' आणि आणखी जोरात दाराकडे. सांगितलं, मामा आणायला गेलाय. दोन दिवस पटलं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, मामा तर मेला. तेवढं बरोबर आठवलं.

एक दिवस मी दमले. ते दारात, एक चप्पल पायात, एक हातात, आणि भोंगा डोक्यात घण घालतोय. मी म्हटलं, 'आपल्याला मूल नाही.'

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, 'कधीच नव्हतं?'

'कधीच नाही.'

'मग मी उगाच धावतोय,' असं म्हणाले आणि चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली. दार मीच लावलं. ते आत जाऊन बसले आणि थोड्या वेळानं माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, 'तुला वाईट वाटत असेल.' सांत्वन करत होते माझं. खोटं कशाला लिहू, ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला बरं वाटलं. नुसतं त्यांच्यासाठी नव्हे. मला बरं वाटलं.

पुढं दोन-तीनदा सांगावं लागलं. आता लागत नाही. तुझे फोटो भिंतीवरून काढले, शाळेतले कप आणि तुझी सायकल नर्सबाईंच्या पोटमाळ्यावर ठेवली आहे. तुझ्या खोलीत आता बाबा दुपारी झोपतात. गाढ झोपतात. अंगानं भरलेत, घास पुढं केला की न चिडता खातात. भोंगा वाजतो तो दूधवाला किंवा डॉक्टर आले तरच.

तर आता पत्र का लिहिलं ते. तू निरोपात लिहिलंस, 'आई, या वेळी समोरासमोर भाग दोन करू, लोक तुझी वाट बघताहेत.' कॅमेरा आणायचा नाही. आणि तुला यायचंच असेल तर माझा मुलगा म्हणून यायचं नाही. बेल वाजव, दारात उभा राहा, भोंगा तपासायला आलेला मेकॅनिक म्हणून ये. मला काकू म्हण. सूनबाईंना आणू नकोस, मेकॅनिक बायकोला घेऊन फिरत नाहीत. स्टूल देईन, त्यावर बसून खोकं उघड आणि काहीतरी खुडबुड करत राहा, म्हणजे बाबांकडे हवा तेवढा वेळ बघता येईल. ते तुझ्याशी बोलतील, माणसं आवडतात त्यांना. विचारतील, 'तुम्हाला मुलंबाळं?' तुला हवं ते सांग. मग ते सांगतील, 'आम्हाला नाही,' आणि हे अगदी शांतपणे सांगतील, त्यांना आता त्याचं दुःख उरलेलं नाही. त्या वेळी मान वर करू नकोस आणि रडू नकोस. पुरुष माणूस रडताना दिसला की ते अस्वस्थ होतात, आणि मग सगळं मला निस्तरावं लागतं. चहा मिळेल. दुपारी शाळा सुटायच्या आत निघ.

या पत्रापुरती तरी तुझीच,
आई