कोल्हेवाल्यात पान उघडत नाही

ढालगाव, ता. कवठेमहांकाळ
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अमृत,

तुला आणि समीक्षा सूनबाईंना आशीर्वाद. इकडं मी, तुझी आई आणि मेंढरं बरी आहोत. माझं डोकं अधूनमधून गरगरतं, पण गोळी चालू आहे. दिवाळीला तू आला नाहीस. साताऱ्यात कामं असतात, मी काही म्हणत नाही. करंज्यांचा डबा फळीवर तसाच आहे, तोही विषय मी काढत नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. फोनवर तू घाईत असतोस आणि घाईत मला मुद्दा आठवत नाही. दोन वर्षांमागं तू आपल्या घोंगड्यांची वेबसाइट करून दिलीस, तिच्यात बिघाड झालाय. माझ्या हातून झाला असेल अशी शंका तुला येईल, म्हणून आधीच सांगतो, मी कशालाही हात लावलेला नाही. फक्त बघतो. रोज सकाळी एकदा. कधी दुपारीही.

माझ्या मोबाइलात इंटरनेट बघायचे दोन ब्राउझर आहेत. एकावर रंगीत चकती, दुसऱ्यावर कोल्ह्याचं चित्र. चकतीवाल्यात आपलं पान झकास उघडतं. मागावर बसलेला मी, एकामागून एक सरकणारी घोंगडी, आणि खाली 'मागणी नोंदवा' असं हिरवं बटण. तेच पान कोल्हेवाल्यात उघडलं की पांढरंफटक. माझं नाव, गाव आणि फोन नंबर, बास. फोटोच्या जागी रिकामे चौकोन आणि बटण तर नाहीच.

हे मला कळलं ते रहिमतपूरच्या नाथाजी म्हणून एका गृहस्थांमुळं. त्यांचा फोन आला. "आवं भाऊसो, पान उघाडलं, पर नुसतं तुमचं नाव आन् नंबर हाय. घोंगडं कुठाय?" मी त्यांना चित्र कुठलं ते विचारलं. म्हणाले, "कोल्ह्याचं. लेकीनं घालून दिलंय." मी म्हणालो, "मग चकतीवाल्यात उघडा. लय झकास दिसतंय त्यात." त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. अशी आणखी बरीच माणसं फोन करतात. सगळ्यांना मी हेच सांगतो. पान चांगलं दिसावं, माणसाला आपला माग दिसावा, एवढीच इच्छा.

तुझ्या आईला सांगितलं तर हसायला लागली. "आवं, कोल्हा कवापासनं राखणीला ठेवलाय तुमी? मेंढरं जास्त झाली व्हय?"

तर तेवढं बघ. माग चालू आहे. काळजी नसावी.

तुझा चुलता,
भाऊसो तात्या


ढालगाव
३ डिसेंबर २०२४

चि. अमृत,

आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. "तात्या, त्या ब्राउझरचा नाद सोडा, सगळ्यांना चकतीवाल्यात उघडायला सांगा." तसंच सांगतो आहे. पण मनाला लागून राहिलं. एखादी मेंढी लंगडायला लागली तर बाकीची चालतात म्हणून आपण तिला सोडून देत नाही.

म्हणून कवठ्याला गेलो. बसस्टँडच्या मागं विजयमाला ताईंचा कॉम्प्युटर क्लास आहे. आधी त्या शाळेत शिकवत होत्या. बाई कडक आहे. मी दारात उभा राहून चपला काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "चपला राहू द्या तात्या, मोबाइल काढा."

त्यांनी काय काय केलं ते लिहून ठेवतो, तुला उपयोग होईल. आधी जुनं साठलेलं सगळं पुसून काढलं. मी घाबरलो, माझे फोटो जातील म्हणून. फोटो गेले नाहीत. पान पुन्हा उघडलं, तसंच पांढरं. मग खासगी खिडकी म्हणून असते, तिच्यात उघडलं. तेच. मग त्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर कोल्हेवाला उघडून कसलीतरी बटणं दाबली, तर पानाच्या खालून दुसरं पान वर आलं. त्यात लाल अक्षरात ओळी. त्या चष्मा वर करून वाचत बसल्या.

मग त्यांनी समजावलं, आणि मला समजलं, याचा मला आनंद झाला. सातवी झालेल्या माणसाला समजलं म्हणजे समजावणारी चांगली. पान म्हणजे नुसतं घर. फोटो सरकवणं, बटण चालवणं ही कामं स्क्रिप्ट करतात. आपल्या पानाच्या स्क्रिप्ट आपल्या घरात नाहीत, दुसऱ्याच पत्त्यावरून येतात. चकतीवाला त्यांना येऊ देतो. कोल्हेवाल्यात राखण कडक ठेवलेली असते, तो अनोळखी पत्ता बघितला की दारातच अडवतो. म्हणून घर रिकामं दिसतं.

"मग हा बिघाड नाही?" मी विचारलं.

"बिघाड असलाच तर कोल्ह्याचा नाही," त्या म्हणाल्या. "हा पत्ता कुणाचा?"

मला माहीत नव्हतं.

"वेबसाइटचा पासवर्ड कुणाकडं आहे?"

"पोराकडं."

"तुमच्याकडं?"

मी म्हणालो, पोराकडं आहे म्हणजे माझ्याकडंच आहे. त्यांनी चहा मागवला. निघताना म्हणाल्या, "पोराला विचारा तात्या. नीट विचारा."

तर विचारतो. तो पत्ता कुणाचा आहे, आणि स्क्रिप्ट आपल्या घरात आणून ठेवता येतील का. ताई म्हणतात, तासाभराचं काम आहे. तू ये म्हणत नाही, तिथूनही होतं म्हणे.

आणखी एक. मागच्या पत्रात माग चालू आहे असं लिहिलं, ते तितकं खरं नाही. आषाढापासून माग बंद आहे. कुणी घोंगडं मागत नाही. फोन येतात, मी चकतीवाला सांगतो, आणि ती माणसं पुन्हा फोन करत नाहीत. माझ्या बोलण्यात काही चुकत असेल का? तुला ठाऊक असेल तर सांग. राग येणार नाही.

तुझा,
भाऊसो तात्या


ढालगाव
२९ डिसेंबर २०२४

अमृत,

तुझं उत्तर आलं नाही. आता नको. उत्तर नाथाजी घेऊन आले.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं आले. ऐंशीच्या घरातले, पाठीत वाकलेले गृहस्थ, काखेत प्लास्टिकची पिशवी. मी ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं, कारण पिशवीवर माझा फोटो होता. त्यांनी घोंगडं काढून मेंढरांच्या वाड्यापुढं टाकलं आणि म्हणाले, "ह्याला घोंगडं म्हंता व्हय? पाठीला ऊब मिळंल म्हणून आनलं, तर घाम फुटतोय नुसता. आन् वर तुमचा फोटू. लाज न्हाई वाटली?"

मी ते हातात घेतलं. गुळगुळीत होतं. धाग्याला लावतो त्या चिंचोक्याच्या खळीचा वास नाही, लोकरीचा नाही, कसलाच नाही. मी काडी मागितली आणि एक दोरा जाळला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख होते. ह्या दोऱ्याचा वितळून काळा मणी झाला. तो मणी नाथाजींच्या तळहातावर ठेवला आणि मी म्हणालो, "हे माझं न्हाई."

"मग कुनाचं? मागितलं तर तुमच्यापाशीच की."

"मला मागणी आलीच न्हाई."

"कसं न्हाई? तुमीच सांगितलं, चकतीवाल्यात उघडा. उघाडलं, हिरवं बटान दाबलं, तुमीच बोललाय की."

अमृत, मी दोन वर्षांत ते बटण कधी दाबलं नव्हतं. आपल्याच घोंगड्याची मागणी आपण कशाला नोंदवायची? नाथाजींनी माझा मोबाइल ओट्यावर ठेवला, शेजारी त्यांचा ठेवला. माझ्यात कोल्हेवाला, त्यांच्यात चकतीवाला. माझ्यात पांढरं पान आणि माझा नंबर. त्यांच्यात माझा फोटो, माझा माग, आणि बटण दाबल्यावर वेगळाच नंबर.

मी तो नंबर नाथाजींच्याच मोबाइलवरून, स्पीकर चालू करून लावला. तू उचललास.

"नमस्कार. भाऊसो बोलतोय, ढालगाववरनं. कुठलं घोंगडं पायजे?"

आवाज जाडा केला होतास. मध्ये खाकरलासही, मी खाकरतो तसा. तू दोनदा "हॅलो" म्हणालास आणि फोन ठेवलास. नाथाजी म्हणाले, "हाच की तो." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी विजयमाला ताईंकडं गेलो. त्यांनी बघून सांगितलं, खालचं पान तू दोन वर्षांपूर्वी केलंस तसंच आहे. त्यावर नंबर माझाच आहे. आषाढाच्या सुमाराला घरातल्या स्क्रिप्ट काढून बाहेरच्या पत्त्यावरच्या त्यावर पांघरल्यास, त्यातल्या बटणात तुझा नंबर. तो पत्ता तुझ्याच नावावर निघाला. कोल्हेवाला पांघरूण येऊ देत नव्हता, म्हणून त्यात खरं तेवढं दिसत होतं. म्हणजे मला फोन करणारी माणसं खऱ्या पानावरूनच येत होती. आणि मी त्यांना हाताला धरून तुझ्याकडं पाठवत होतो. "चकतीवाल्यात उघडा, लय झकास दिसतंय." आठवतील तेवढ्यांची नावं लिहून काढली. अकरा झाली. बाकीची आठवत नाहीत, हे जास्त वाईट.

ताई म्हणाल्या, "तात्या, पासवर्ड तरी घ्यायचा होता." त्यांना काय सांगायचं? वेबसाइट करायची ठरली त्या दिवशी आपण दोघं अंगणात घोंगड्यावर बसलो होतो. घोंगड्यावर बसून बोललेलं फिरवायचं नाही, हे तुला मी शिकवलेलं नाही, तू बघत मोठा झालास. मेंढरं विकताना, सोयरीक जमवताना, भाऊबंदांचं भांडण मिटवताना. तू म्हणालास, "तात्या, घोंगडं तुमचं, नाव तुमचं, मी नुसतं पान करतो." शब्द झाला. मग कुलपाची किल्ली मागायची कशी? मागितली असती तर तुझा अपमान झाला असता असं मला तेव्हा वाटलं. ताईंना हे कळलं नसतं, म्हणून नुसतं "राहिलं" म्हणालो.

मी तुला का म्हणून विचारणार नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे, पण विचारणार नाही. अडचण असेल. समीक्षाचे दिवस भरत आलेत. तू मागितलं असतंस तर मी माग तुझ्या नावावर केला असता, माझ्यानंतर तो कुणाचा होता? मला न सांगता माझं नाव घेतलंस, तेही चाललं असतं कदाचित. पण त्या नावाखाली तू लोकांच्या अंगावर ते वितळणारं घातलंस. नाथाजी जाताना पाया पडायला वाकले, "तुमाला उगाच बोललो" म्हणाले. ऐंशी वर्षांचा माणूस. मी त्यांना धरलं, पण मला दुसरीकडं बघावं लागलं.

करायचं ते असं. माझा फोटो, माझं नाव आणि मागाची चित्रं काढून टाक. पान बंद पडलं तरी चालेल. ज्यांना ते घोंगडं विकलं असशील त्यांना फोन कर आणि तुझ्या आवाजात सांग.

आणि आता जे लिहायचं नव्हतं ते. तुझी आई.

माझा भाऊ ज्योतिबा, तुझा बाप, गेला तेव्हा तू चार वर्षांचा आणि माझ्या बायकोनं, बनाबाईनं, तुला पोटाशी घेतलं. बनाबाईला तू कधी चुलती म्हटलं नाहीस आणि तिनं कधी म्हणू दिलं नाही. नाथाजी आले तेव्हा ती कळपामागं रानात होती. तिला काही माहीत नाही. घरी आल्यावर ओट्यावर जळकी काडी बघून तिनं विचारलं, मी विडीचं नाव सांगितलं. विडी सोडून मला नऊ वर्षं झाली. तिनं काडी उचलून चुलीत टाकली. ती तुझ्या बाळासाठी कोकरांच्या जावळाची लोकर कातते आहे. एवढी मऊ लोकर तिनं मला कधी कातून दिली नाही.

परवा पुन्हा म्हणाली, "आवं, ते कोल्ह्याचं झालं का नीट?"

मी म्हणालो, "अजून सापडंना काय बिघाडलंय ते."

"मग अमृतला बोलवा की. तो आला का चुटकीत करंल."

तिच्याशी मी आजवर खोटं बोललो नव्हतो. आता दोनदा बोललो, दोन्ही वेळा तुझ्यासाठी. तिसऱ्यांदा जमणार नाही. संक्रांतीच्या आत ये आणि तिच्यासमोर बसून तुझ्या तोंडानं सांग. मी सांगितलं तर ती माझ्यावरच विश्वास ठेवणार नाही, म्हणेल, तात्याला कॉम्प्युटरातलं काय कळतंय. त्या दिवशी मी मेंढरं घेऊन रानात जाईन, तू लाजू नकोस.

पत्राखाली नेहमीसारखं नाव लिहायला गेलो आणि पेन थांबलं. साताऱ्यात फोन उचलून भाऊसो तू बोलतोस. मग इथं ढालगावात ह्या ओट्यावर बसलेला मी कुणाच्या नावानं सही करू, ते मला कळलं नाही. म्हणून सही न करताच टपालात टाकतो.

अक्षर ओळखशील.