चार हिसके

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जेवायच्या घाईत पाण्यातून भसकन वर येऊन तुम्ही जो डावा कान घालवलात, त्याच कानाला तुम्ही फोन लावता आणि मी काहीही सांगितले तरी हो हो म्हणता. म्हणून हे पत्र.

नोकरी कायम झाली. आमच्या कंपनीत गेम तयार होतात आणि मी त्यांची गोष्ट लिहिते. सध्याची गोष्ट जुन्या अरबी कथांवर बेतली आहे. एका बादशहाने बंडखोर जिन्नांना तांब्याच्या सुरयांत कोंबले, तोंडे शिशाने बंद केली आणि सुरया समुद्रात फेकल्या. मोती काढणारी एक मुलगी त्या शोधत खाली जाते. अगदी तळाशी एक अवाढव्य मासा आहे, त्याच्यावर बैल, आणि बैलाच्या पाठीवर सगळी पृथ्वी.

कंपनीतले सगळे मासा रंगवण्यात दंग आहेत. मला प्रश्न पडला आहे वरच्या होडीचा. मोती काढणाऱ्यांचा दोर धरून एक माणूस वर बसत असे. त्याच्याबद्दल मला जेमतेम दोन ओळी सापडल्या. तुम्ही अठरा वर्षे बंदरात पाण्याखाली उतरून जहाजांच्या बुडाचे शिंपले खरवडलेत आणि तेव्हा वर काका दोर धरून बसत. दोर धरणारा नेमके काय करतो ते कळवा. अशा माणसांची नोंद राहिली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

काकांना सांगा, घरच्या भिंतीला ओल म्हणून माझी पदवी त्यांच्या सायकलच्या दुकानात लावली आहे, तिच्या खिळ्याला ट्यूब टांगू नका. आईला नमस्कार. आहे तोच लोभ पुरे, फक्त पत्राचे उत्तर द्या.

तुमची
भिंगरी

ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईने दोनदा वाचून घेतलं. मासा आणि बैल ऐकून ती म्हणाली, घरातली पहिली पदवी घेऊन पोरीने हे करायचं का. मी म्हटलं, पृथ्वी कोणीतरी धरून ठेवायलाच पाहिजे.

दोराचं असं आहे. एक हिसका म्हणजे मी ठीक. दोन म्हणजे ढील दे. चार म्हणजे वर ओढ, ताबडतोब. खालून जेवढे येतील तेवढेच वरच्याने परत द्यायचे, म्हणजे खालच्याला कळतं की आपलं म्हणणं पोचलं. दोर हातातच हवा. शिंक येवो की साप येवो, धक्क्यावरच्या खुंट्याला बांधायचा नाही. खुंटा मजबूत असतो, पण त्याला काही समजत नाही.

एकाने बांधला होता. चहा प्यायला वळला, तेवढ्यात खाली हवेची नळी अडकली. खालच्याने चार हिसके दिले. उत्तर आलं नाही. मग झटापट करून नळी सोडवली आणि दोर धरून तो आपला आपणच वर आला. जगला. कोण ते विचारू नकोस, तू ओळखत नाहीस.

दोर धरणं कंटाळवाणं काम आहे. आपला धाकटा, तुझा काका, फार छान धरायचा. बसल्या जागी झाडासारखा. बंदरावरचं काम सोडून त्याने दुकान का टाकलं ते त्यालाच माहीत. तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझे
बाबा

ता. २० एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या एका पत्रावर माझे अख्खे प्रकरण उभे राहिले! मुलगी तळाजवळ जाते, शेवटची सुरई हाती येते आणि (मोतीवाल्यांकडे नसलेली, मी तुमच्याकडून घेतलेली) हवेची नळी अडकते. होडीवर तिचा काका आहे. त्याने दोर डोलकाठीला बांधला आहे आणि तो पाठमोरा चहा पितो आहे. चार हिसके जातात. उत्तर येत नाही.

आमच्या प्रमुख बाई म्हणत होत्या की दोर धरणे हा काय खेळ झाला, नुसते एक बटण दाबून बसायला कोण गेम घेईल. मी हटून बसले. आता दोघांना मिळून खेळता येते, एकाने बुडायचे आणि दुसऱ्याने धरायचे. धरणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर खालच्या हिसक्यांबरोबर थरथरतो. चाचणीला आलेल्या माणसांनी तो प्रसंग पुन्हा खेळायला मागितला, तेव्हा बाईही कबूल झाल्या. खरे ते लिहिले की पोचतेच, हे मला पटले.

शुक्रवारी चाचणीची प्रत दुकानातल्या संगणकावर पाठवते. कंट्रोलरची जोडी टपालाने आधीच निघाली आहे. काका खूष होतील. तो काका मुद्दाम त्यांच्यासारखाच काढवून घेतला आहे, मिशीसकट. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
भिंगरी

ता. २५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ते पाठवू नकोस. दोर बांधल्याचं काढून टाक.

तो खालचा माणूस मी होतो आणि वरचा धाकटा. कान गेला तो त्याच दिवशी, जेवायच्या घाईचं मी रचलं. पाण्यावर डोकं काढलं तर दोर खुंट्याला आणि धाकटा पाठमोरा, हातात कप. मी पुन्हा डोकं पाण्यात घातलं. तो वळेपर्यंत, दोर सोडून हातात घेईपर्यंत खालीच थांबलो. मग वर आलो आणि सांगितलं, चूक माझी, खूण न करताच आलो. दवाखान्याच्या दाराशी तो दिवसभर उभा होता. अकरा वर्षं झाली. मी हिसके दिलेच नव्हते, असं तो धरून चालला आहे. तेवढ्यावर त्याला झोप लागते. पडद्यावर त्याने ते मोजले तर माझ्या कानाचं काय घेऊन बसलीस, माझा भाऊ जाईल.

तू खरं लिही, पण दुसऱ्या कोणाचं तरी. रागावलो नाही. तुला सांगितलं, चूक माझीच.

तुझे
बाबा

ता. २ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मला सोमवारी मिळाले. प्रत त्याआधीच्या शुक्रवारी गेली होती. दुकानात तीन वेळा फोन केला, काका उचलत नाहीत.

बाईंना सांगितले की तो प्रसंग काढायचा आहे. त्यांनी कारण विचारले. घरगुती आहे एवढेच म्हणाले. त्या म्हणाल्या, मग प्रकरण कोसळते, पण लिहिले तू आहेस, आठवड्यात ठरव. मी काढते आहे. माणसाची नोंद ठेवायची ऐट मिरवत होते, पण त्या माणसाला विचारायचे सुचले नाही. तुमच्या पाठीवर जे इतकी वर्षे होते, ते मी मिशीसकट रंगवून काकांच्याच टेबलावर ठेवले. मला काय म्हणायचे ते म्हणा, पण म्हणा.

तुमची
भिंगरी

ता. ६ मे

चि. भिंगरे,
आशीर्वाद, आणि एक चापट.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. पंक्चर काढायचं असतं तर एव्हाना झालं असतं. फोन मुद्दाम उचलला नाही. आधी दादाशी बोलायचं होतं.

तुझा खेळ लावला. शेजारचा शिंपी पाण्यात उतरला, मी वर बसलो. मिशी जमली आहे, पोट जास्त काढलंस. मग हातात ते यंत्र थरथरलं. एक, दोन, तीन, चार. शिंपी ओरडत होता. मी उठून दुकान बंद केलं.

मला माहीत होतं गं. त्या खुंट्याला आदल्याच दिवशी रंग दिला होता. दोर सोडला तेव्हा रंग चार ठिकाणी खरवडलेला दिसला. संध्याकाळी मीच डबा आणून तो पुन्हा रंगवला. दादा म्हणाला हिसके दिले नाहीत, मी म्हटलं बरं. त्यानंतर कोणाचाही दोर हातात घेतला नाही, सायकली घेतल्या.

हे सगळं काल दादाला त्याच्या उजव्या बाजूला बसून सांगितलं.  तो म्हणाला, खरवडलेलं रंगवायचंच होतं तर रंग तरी चांगला निवडायचास. पुन्हा डोकं पाण्यात घातल्याचं त्याने तेव्हा सांगितलं. ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

बांधलेला दोर काढू नकोस, राहू दे. पण नंतरचंही घाल, तो माणूस वळतो ते.

मग दादाला दुकानात आणलं. साठीचा माणूस, पडद्यावर मुलगी होऊन बुडाला. बोटं जड, शिंपल्यांना अडकतो, माशाला घाबरतो. मी वर बटण धरून बसलो. एक हिसका आला की एक परत. तुमच्या त्या बैलापर्यंत पोचायला त्याला पाऊण तास लागला. तुझ्या आईने मध्येच चहा आणून माझ्यासमोर ठेवला.

तो गार झाला.

तुझा
काका