घोंगड्यातली कुसळं

प्रिय सयादादा,

ही चिठ्ठी फाडू नगंस, शेवटपातूर वाच. तू रागावलायस ठाव हाय. जत्रंला तू यावंस म्हणून आई मरणाला टेकलीय अशी तार म्याच केल्ती. तू बेळगावच्या पल्टनीतनं सुट्टी न काढता पळत आलास, आन आई खुशाल मटणाचं वाटण वाटत बसलेली. परत गेल्यावर तुला पंधरा दिवस कोठडी झाली. तवापासनं माज्या एका बी चिठ्ठीला उत्तर न्हाई.

हिकडं ऊस तुटाय आलाय, तांबडी गाय व्याली. केरबाकाकाच्या टोपीत म्या कुसळं भरली, त्यो भर चावडीत डोस्कं खाजवत नाचला. आईनं मला माराय चुलीची फुकणी उचलली न्हाई, नुसती हसली. तवाच मला वळखाय पायजे हुतं.

तिच्या छातीत गाठ हुती रं. दोन वरसं पदराखाली बिब्बा लावून लपवली. भादव्यात मिरजेच्या दवाखान्यात गाठ काढली. तुला कळवू नगं म्हणून तिनं मला गळ्याची आन घातल्ती. आता पाठ धरलीय, धाप लागती. म्या डागदराला इचारलं, गाठ काढली न्हवं, मग ह्ये कुठनं आलं? त्येनं कागदावर चित्तर काढलं. रगतात भोपळ्याच्या बीगत चपट्या बारक्या चकत्या असत्यात म्हणं. कापलं की त्या जखमंला जाऊन चिकटत्यात, एकमेकीला धरत्यात, आन रगत थांबतं. तुज्या पायाला इळा लागल्ता तवा आईनं दगडी पाला बांधला, आतनं ह्या चकत्या बी राबत हुत्या. पर गाठीचं बियाणं सुटून त्याच रगतातनं हिंडतं, आन धोतराला कुसळ चिकटावं तसं हाडाला न्हाईतर फुप्फुसाला चिकटून रुजतं. म्या म्हणलं, चांगल्या चकत्या त्याला आडवत का न्हाईत? डागदर चष्मा पुसत म्हणला, "पोरा, त्ये मला बी ठाव न्हाई."

तुजं जुनं घोंगडं मांडीवर घिऊन आई दिसभर कुसळं येचती. त्यातली निम्मी म्याच घातलेली, तुला झोपंत टोचावीत म्हणून. डागदर म्हणतोय, संक्रांत निघंल, फुडचं सांगवत न्हाई. काल तिनंच आन सोडवली. म्हणली, "सयाला लिही, येऊन जा म्हणावं. ह्या खेपंला खरं हाय म्हणावं."

तार करत न्हाई, माज्या तारंवर तुजा इस्वास बसायचा न्हाई. म्हणून खाली आईचा आंगठा घेतलाय. सायबाला दाव, सुट्टी माग, ये. आंगठा पुसाट उमटलाय, त्यात माजी लबाडी धरू नगंस. तीनदा शाई लावली, पर दादा, तिला कागदावर दाबाय जोर न्हवता.

तुजाच, तुला कोठडी घडवणारा भाऊ,
सिद्धू