भरल्या कॅम्पचा पंप

तीर्थरूप बाबांना लेकीचा तेलकट हातांनी नमस्कार.

आज कॅम्पचे साठच्या साठ तंबू पर्यटकांनी भरले आणि भर दुपारी पाण्याचा पंप बंद पडला. मेकॅनिक परवा येणार होता. मी म्हटलं, "मला बघू द्या." मॅनेजर हसले, "अगं, तू झाडलोटीला आहेस ना?"

पंपाने हवा धरली होती. तुम्ही करता तसं फाटक्या वॉशरच्या जागी चपलेचं रबर कापून बसवलं, वरून पाणी भरून हवा काढली. नळ धो धो वाहिले आणि सगळ्या तंबूंतून टाळ्या! उद्यापासून पंप माझ्याकडे.

बोट जरासंच कापलंय, आईला सांगू नका. तुमचा गुडघा कसा आहे?

तुम्ही मला कधी पान्याला हात लावू दिला नाहीत, बाबा. पण मी दारातून सगळं बघत होते.

तुमची,
थोरली